पायरीवरचं घर

सुनंदा : बाजूची सीट रिकामी ठेव आणि पाय पसरून जा. मी येणार नाही.

ऋता : आई, तू पूर्ण ऐकून तरी घे ना.

सुनंदा : ऐकलं की काल. सिलोणी गावाला भेगा पडल्यात, सरकार गाव उठवतंय, चाची उठत नाही. वाईट वाटलं मला. पण त्यात मी काय करू? मी काय तिथली तहसीलदार? तो भोपळा दे इकडे.

ऋता : विळीवर बसू नकोस, गुडघा दुखतो तुझा. मी कापते सुरीने.

सुनंदा : लाल भोपळा सुरीने? हात कापून घेशील, मग म्हणशील आईने येऊ दिलं नाही. दे म्हणते ना.

ऋता : घे. आई, चाची शहाऐंशी वर्षांची आहे. खाली रस्त्याला नवीन खोल्या दिल्यात, सगळं गाव तिकडे गेलं. ही एकटी वर. मुलगा तिच्यापुढे रडला. सरपंच येऊन गेला. मी तीनदा गेले, भेगांचे फोटो दाखवले, गेल्या वर्षीचे आणि आत्ताचे शेजारी ठेवून दाखवले. तर म्हणते काय...

सुनंदा : काय म्हणते?

ऋता : म्हणते, साहब ने कहा था, यह ज़मीन अच्छी है.

सुनंदा : कुठला साहेब?

ऋता : बाबा. आणखी कुठला?

सुनंदा : त्या माणसाला जाऊन चौतीस वर्षं झाली गो.

ऋता : इथे झाली. तिथे नाही. चहाच्या टपरीवर मला कुणी ऋता म्हणत नाही, 'देबू साहब की बेटी' म्हणतात. पंचायतीच्या खोलीत फोटो आहे त्यांचा. हार घातलेला. आणि ऐक, मागच्या आठवड्यात दोन घरं परत वर आली. बायका-मुलांसकट. म्हणतात, चाची राहते तर आम्हीही राहतो, साहेबांनी सांगितलेली जागा आहे. पावसाळा तोंडावर आलाय. बाबांच्या नावावर माणसं त्या कड्यावर बसलीत, आई.

सुनंदा : हे मला आधी नाही सांगितलंस.

ऋता : तू विचारलंस कधी? तेरा वर्षं मी त्याच खोऱ्यात काम करते. शेजारच्या सपनाकाकूंना तू काय सांगतेस? 'आमची ऋता डेहराडूनला प्रयोगशाळेत असते. खुर्चीवर बसून काम.'

सुनंदा : बरं मग? खुर्चीवर बसलेलं माणूस बरं. खुर्चीवर दरड पडत नाही.

ऋता : आई...

सुनंदा : आई-आई करू नकोस. डोंगर बघायचा तर हा काय खिडकीत आहे आपल्या मुलुंडचा. गप पडून असतो बिचारा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

ऋता : तो म्हातारा आहे. लाव्हा थंड झाला त्याला कोट्यवधी वर्षं झाली. आता नुसता झिजतोय.

सुनंदा : माझ्यासारखा. म्हणून आवडतो मला.

ऋता : बाबांनी खरंच तसं सांगितलेलं चाचीला? जमीन चांगली आहे म्हणून? तू होतीस ना तेव्हा तिथे?

सुनंदा : होते की. पाच महिने होते.

ऋता : मग सांग ना. तू त्या पाच महिन्यांतलं कधी काही बोललीच नाहीस. मला फक्त एवढंच माहीत आहे की तू तिथे साडी नेसून चढलेलीस.

सुनंदा : साडी आणि स्लिपर! लग्नाला तीन महिने झाले होते. वाकोल्याच्या चाळीतली पोरगी मी. संपात गिरणी गेली आणि आमचे दादा घरी बसले, त्यात हे स्थळ आलं. मुलुंडचे, चार बुकं शिकलेले, सरकारी नोकरी, डोंगरातले दगड तपासायची. आख्खी चाळ म्हणाली, सुनंदाने नशीब काढलं. आणि त्या नशिबाने मला नेलं कुठे? जिथे एसटीसुद्धा दम खाऊन थांबते त्याच्याही पुढे. शेवटचे दोन तास नुसता चढ. मी दर दहा पावलांवर बसायची आणि हे म्हणायचे, 'हे वळण झालं की आलंच.' असली वळणं किती आली, देवाला ठाऊक.

ऋता : अजून तसंच सांगतात तिकडे सगळे.

सुनंदा : आणि मग वर पोचले तर काय! एकदम सपाट. एवढ्या उभ्या डोंगरात कुणी तरी जेवायला पाट मांडावा तसं. त्यावर गव्हाची शेतं, आठ-दहा घरं, अक्रोडाची झाडं. खाली खोल नदी, वर बर्फ. मी चढाचा सगळा राग विसरले. चाची दारात उभी. माझ्याकडे बघितलं, माझ्या स्लिपरकडे बघितलं, आणि काही न बोलता आत जाऊन गरम पाणी घेऊन आली. पाय बुडवून बसवलं मला. ह्यांना म्हणाली, अक्कल नहीं है क्या?

ऋता : चाची बाबांना असं बोलली?

सुनंदा : मग? म्हणून तर आवडली मला. तिची सासू वारलेली, नवरा फौजेत. आम्हाला तिने एक खोली दिलेली. तिच्याकडे मंडुआची रोटी असायची. पहिल्या दिवशी तोंडात घास घातला आणि मला रडूच आलं. ह्यांना वाटलं, हिला जेवण आवडलं नाही. अरे, ती आपली नाचणी होती! आमच्या आजीची भाकरी, मालवणातली. हजार मैल लांब येऊन डोंगरात मला माझ्या गावची भाकरी मिळाली. तेव्हापासून ती मला ब्वारी म्हणायला लागली. ब्वारी म्हणजे सून.

ऋता : अजून विचारते. ब्वारी कन छ? सून कशी आहे?

सुनंदा : तू काय सांगतेस?

ऋता : सांगते, मज्जेत आहे. भोपळा कापते.

सुनंदा : चावट. तर दुसऱ्या दिवशी मी चुलीसाठी दगड शोधायला गेले. बांधातले सगळे दगड गोल, गुळगुळीत. आमच्या मालवणच्या व्हाळात, ओढ्यात असतात तसे. व्हाळातला दगड मी डोळे मिटून ओळखेन, दर सुट्टीत त्यावर धुणं आपटलंय मी. ह्यांना म्हटलं, 'अहो, नदी तर तिकडे पार खाली. मग हे नदीतले धोंडे एवढ्या वर कुणी आणून टाकले?' हे चहा पीत होते. कप खाली ठेवला आणि उभेच राहिले. चेहरा असा फुलला त्यांचा! म्हणाले, 'सुनंदा, कुणी आणले नाहीत. नदीच इथे होती. आपण नदीच्या तळावर झोपलो रात्री.'

ऋता : ती टेरेस आहे ना, तिची वाळू मी प्रयोगशाळेत तपासली. बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी तिथे पाणी वाहत होतं.

सुनंदा : टेरेस म्हणजे आमच्यासाठी पापड वाळवायची जागा. हे पायरी म्हणायचे. नदीची पायरी. आमच्या गावाच्या वर आणखी एक होती, तिच्याही वर तिसरी, बारकी, तिच्यावर नुसती देवदाराची झाडं. सगळ्यांत वरची सगळ्यांत जुनी. मला हे पटेना. म्हटलं, पाणी वरून खाली सांडतं ते ठीक, पण आख्खी नदी पायऱ्या उतरल्यासारखी खाली कशी जाईल? मग एकदा अशीच विळीवर बसले होते चाचीच्या अंगणात...

ऋता : विळी? तिकडे?

सुनंदा : ट्रंकेत घालून नेलेली! विळीशिवाय संसार होतो? तर हे आले, समोर उकिडवे बसले, विचारलं, 'विळी हलते का?' म्हटलं, 'विळी कशाला हलेल? भोपळा हलतो.' म्हणाले, 'बस. नदी ही विळी. ती आहे तिथेच आहे. डोंगर खालून वर येतोय आणि तिच्यावर चिरला जातोय. नदी आधीची आहे, डोंगर मागून आला. मध्ये डोंगराने जरा दम खाल्ला की तेवढ्या वेळात नदी पसरते, सपाटी करते. पुन्हा डोंगर उठला, पुन्हा ती खाली कापत गेली, की जुनी सपाटी वर राहते. ती पायरी.'

ऋता : मी वर्गात हेच सांगायला पाऊण तास घेते. चित्रं काढून.

सुनंदा : विळीच घेऊन जा वर्गात. मी विचारलं, 'पण डोंगराला वर ढकलतं कोण?' म्हणाले, 'आपणच. वाकोला, मुलुंड, तुझं मालवण, आख्खा देश दर वर्षी बोटाच्या पेराएवढा उत्तरेला सरकतो आणि तिकडे जाऊन खाली घुसतो. म्हणून हिमालय उठतो.' मी म्हटलं, 'वाकोल्यात असताना मला तर काही जाणवलं नाही बाई.' इतके हसले, इतके हसले, चाची बाहेर आली बघायला. मग तिला हिंदीत सांगितलं, तर ती म्हणाली, अच्छा, तो यह सब तुम बंबईवालों का किया-धरा है!

ऋता : तुला हसताना बघून किती दिवस झाले गं.

सुनंदा : काय ता... सोड. संध्याकाळी आम्ही कड्यापाशी जाऊन बसायचो. समोरच्या डोंगराची उतरंड त्रिकोणी-त्रिकोणी कापलेली होती, करंज्यांच्या कडेसारखी. हे दाखवायचे, तिथून जमीन तुटलीय बघ. मला तुटलेलं काही दिसायचं नाही. मला वाटायचं, किती सुंदर. घरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, काळी झालीस. मी म्हटलं, होऊ दे.

ऋता : आणि घराचं? चाचीला काय सांगितलं बाबांनी?

सुनंदा : चाचीला नवीन घर बांधायचं होतं. जागा धरलेली अगदी कड्याला, नदी दिसते म्हणून. ह्यांनी तिला हाताला धरून मागे आणलं. पावलं टाकत टाकत पार अक्रोडापर्यंत. म्हणाले, इथे बांध, ही जमीन चांगली आहे. भिंतीत देवदाराचे आडवे वासे घाल, तुझ्या आजेसासऱ्याने घातलेत तसे, नुसते दगड रचू नकोस. तिने सगळं ऐकलं.

ऋता : आणि एक्याण्णवच्या भूकंपात आख्खं गाव पडलं आणि तिचं घर उभं राहिलं. म्हणून ती हलत नाही! तिचं काही चुकत नाही गं. माझ्या फोटोंपेक्षा ते घर मोठं आहे तिला.

सुनंदा : हं.

ऋता : काय झालं?

सुनंदा : त्या घरामुळेच गेले ते.

ऋता : म्हणजे?

सुनंदा : दिवाळी तोंडावर होती. हे रजेवर आलेले, तुला कंदील करून देत होते, काड्या सोलून. रेडिओवर सांगितलं, उत्तरकाशीकडे भूकंप. हातातली काडी तशीच ठेवली. मी 'जाऊ नका' म्हटलं नाही. कसं म्हणू? ती माणसं माझीही होती. मी डबा भरून चकल्या दिल्या चाचीसाठी. पोचले ते. तीन दिवस तिच्या घरात वीस-पंचवीस माणसं होती, लहान पोरं, जखमी. हे दगड उपसत होते गावकऱ्यांबरोबर. चौथ्या दिवशी औषधं आणायला खाली उतरले, आणि रस्त्यावर दरड आली. मी म्हणते, तिचं घर पडलं असतं तर ते तिथे थांबले नसते. माणसं घेऊन कधीच खाली आले असते.

ऋता : आई, भूकंपाने उतार खिळखिळे झाले होते. ती दरड आज ना उद्या येणारच होती. डोंगर असाच घडतो. भूकंप एकीकडून उचलतो, दरडी दुसरीकडून उतरवतात. दोन्ही मिळून...

सुनंदा : आणि त्या उतरवण्यात तुझा बाप धरलाय होय? डोंगर घडला, छान झालं. मला नको सांगू हे.

ऋता : चुकलं माझं.

सुनंदा : चाचीने दोनदा निरोप धाडला. ये, भेटून जा म्हणून. मी गेले नाही. तिने त्यांना शेवटचं बघितलं, मी नाही बघितलं. कुठल्या तोंडाने तिच्या दारात जाऊन गरम पाण्यात पाय घालू?

ऋता : मला वाटायचं, तू तिच्यावर रागावलीयस.

सुनंदा : रागावले तरी कुणावर रागावू? ... काय रे देवा. जमीन चांगली आहे, म्हणे. अर्धंच लक्षात ठेवलं की तिने.

ऋता : अर्धं? म्हणजे?

सुनंदा : पुढचं कुठे गेलं? मी तिथेच होते ना, भांडी घासत होते नळावर... नळ कसला, झऱ्याला पन्हळ लावलेली. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलेलं. 'चाची, ही जमीन आज चांगली आहे. कायमची नाही. हा डोंगर अजून बनतोय, आणि नदी खालून त्याचे पाय कापतेय. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ आलं, भिंतीला तिरकी चीर गेली, किंवा दारं चौकटीत अडकायला लागली, तर घराचा मोह धरायचा नाही. म्हशी सोडायच्या आणि उठायचं. मी सांगायला असेन-नसेन.' असं म्हणाले. मला राग आलेला, नसेन का म्हणता म्हणून.

ऋता : आई! हे मला कुणीच सांगितलं नाही.

सुनंदा : कोण सांगणार? तिथे आम्ही तिघंच होतो.

ऋता : म्हणून तू चल. माझं ती ऐकत नाही. मला म्हणते, तू कल की छोकरी है. तुला असं म्हणू शकणार नाही.

सुनंदा : फोनवर सांगते. लाव तिला. त्यासाठी एवढं विमानातून कशाला जायला हवं? दोन वाक्यांचं काम.

ऋता : लावू? आत्ता?

सुनंदा : लाव म्हणते ना, नाही तर माझं मन फिरेल. थांब, हात पुसू दे.

(ऋता फोन लावते आणि स्पीकर सुरू करून आईसमोर धरते.)

चाची : हलो? कौन?

सुनंदा : चाची, मैं सुनंदा बोलती. मुंबई से.

चाची : कौन नंदा? ज़ोर से बोल.

सुनंदा : सुनंदा! देबू साहब की... वो स्लिपर पहन के आई थी ना, वो.

चाची : ब्वारी?

सुनंदा : हां, चाची.

चाची : ब्वारी, मैंने दो दफ़ा बुलाया तुझे.

सुनंदा : मालूम है. मेरे से नहीं हुआ, चाची. पाँव ही नहीं उठा.

चाची : हाँ. मेरा भी नहीं उठता. सब कहते हैं, चल नीचे, चल नीचे. तेरी बेटी भी आती है फ़ोटो लेकर. साहब ने कहा था, यह ज़मीन अच्छी है. घर तो खड़ा रहा ना?

सुनंदा : खड़ा रहा. पर चाची, साहब ने और भी कुछ कहा था. मैं उधर बर्तन घिस रही थी. तुमको याद है क्या?

चाची : बहुत बरस हो गए.

सुनंदा : दरवाज़े का कुछ बोला था.

चाची : दरवाज़ा... आखरी दिन भी देखा था उन्होंने. भूकंप के बाद. जाने से पहले दो-तीन बार खोला, बंद किया. हँसे. बोले, चाची, अभी ठीक है. फिर नीचे उतर गए.

सुनंदा : ...अभी बोले थे ना? अभी ठीक है, ऐसा?

चाची : हाँ. अभी.

सुनंदा : तो चाची, आज दरवाज़ा बंद होता है क्या?

ऋता : चाची? आवाज़ आ रही है?

सुनंदा : गप. तिला वेळ दे.

चाची : नहीं होता, ब्वारी. होली के बाद से नहीं होता. लात मारनी पड़ती है.

सुनंदा : और पानी?

चाची : मिट्टी आती है. मैं कपड़े से छान लेती हूँ.

सुनंदा : साहब होते तो आज क्या बोलते?

चाची : बोलते, भैंस खोल.

सुनंदा : फिर?

चाची : चालीस साल इस घर को लीपा है मैंने. इसमें से अकेले निकला नहीं जाता. तू भी तो नहीं आई ना इधर, अकेले?

सुनंदा : नहीं आई.

चाची : तो तू आ जा. दोनों मिल के निकलेंगे. जो सामने दो घर लौटे हैं ना, मुझे जाता देखेंगे तो वो भी उतर जाएँगे. पर रोना नहीं मेरे सामने. मुझे रोना नहीं आता अब.

सुनंदा : मैं कहाँ रो रही? भोपला काट रही हूँ.

चाची : जूते पहन के आना इस बार.

सुनंदा : हां चाची. परसों आती. तब तक बाहर सोना, आंगन में. अंदर नहीं. सुना क्या?

चाची : सुना, सुना. बहू होके सास को डाँटती है. रख फ़ोन, पैसे जाते हैं.

ऋता : कट झाला. आई? पाणी देऊ?

सुनंदा : नको. ऐकलंस ना, दार उघडून-लावून बघितलं म्हणाली. मला हे माहीतच नव्हतं. शेवटच्या दिवशी ते हसले, हे मला कुणी सांगितलंच नाही.

ऋता : तू कधी कुणाला बोलूच दिलं नाहीस ना.

सुनंदा : खरं आहे. कपाटातला माझा जाड स्वेटर काढ, आणि नाचणीचं पीठ घे थोडं. तिकडे असतंच म्हणा, पण इथलं घेऊ. सपनाला किल्ली देऊन ठेवायला हवी.

ऋता : काय सांगशील तिला? कुठे चाललीस म्हणून?

सुनंदा : सांगेन, सासरी जाऊन येते.

ऋता : आई, तू खरंच येतेयस?

सुनंदा : मग आत्ता कुणाशी बोलले मी? म्हातारी आंगणात झोपायला तयार झाली, आता मी मागे राहू होय? ... ऋता, एक विचारू?

ऋता : विचार ना.

सुनंदा : ती जागा... तुझ्या बाबांची. ती वाटेतच लागते?

ऋता : हो. सिलोणीच्या अलीकडे, पुलानंतरच्या वळणावर. आता रस्ता रुंद केलाय, जाळी लावलीय डोंगराला. वरती सगळं हिरवं झालंय, आधी माहीत नसेल तर कळतही नाही. तू म्हणशील तर गाडी थांबवू आपण.

सुनंदा : थांबवू नकोस.

ऋता : नाही थांबवत.

सुनंदा : फक्त जरा हळू ने.